माझ्या नावावर गेलेला भाऊ

मुन्शिपाल्टीच्या चोपड्यात मी एकदा मेलो होतो. तारखेसकट, आजारासकट, इंग्रजीत. आमच्या लालबागच्या चाळीत ही गोष्ट मी इतक्यांदा रंगवून सांगितली की पोरं मला बघून "मेलेला आला, मेलेला आला" करत पळायची. मला बरं वाटायचं. मी म्हणजे चाळीचा फुकटातला तमाशा. गणपतीत बाईचं सोंग घ्यायचं मी, भजनात नको तिथं ओरडायचं मी, वरातीत बँडच्या पुढं नाचता नाचता गटारात पडायचं ते पण मीच. शाळेचं म्हणाल तर शाळेत एकदाच गेलो, आत शिरलेली शेळी हाकलायला.

पण ते मरण माझं नव्हतं. माझ्या धाकट्या भावाचं होतं.

मी गिरणीत विणाई खात्यात, साच्यावर, म्हणजे मागावर. माझ्याकडं तिकीट होतं. तिकीट म्हणजे कायमची जागा. नाव, नंबर, विम्याचं कार्ड, सगळं. भाऊ बदली. बदलीवाल्यानं रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोण गैरहजर असला तर आत, नाहीतर आल्या पावली खोलीवर. आता आमच्या कोकणातल्या लोकांत रीत अशी की तिकीटवाला गावाला गेला की त्याच्या जागी त्याचा भाऊ उभा राहणार. नाव तिकीटवाल्याचं, हात भावाचे. जॉबरला, म्हणजे आमच्या खात्याच्या मुकादमाला, ठाऊक, सगळ्या खात्याला ठाऊक. साहेबाला ठाऊक नसायचं, कारण साहेबाला आमची तोंडं सारखीच दिसायची. ह्यात लबाडी आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. साचा चालू राहिला पाहिजे आणि जागा घरातच राहिली पाहिजे, बस.

भाऊ माझ्या एकदम उलटा. बोलायचा कमी. मी काही वात्रटपणा केला की सगळी खोली हसून हसून गप्प व्हायची, आणि मग हा एकटाच हसायचा, उशिरा. "आत्ता पोचलं काय रे?" असं मी विचारायचो. तर बोलायचा, "पोचलेला मघाशीच. बघत होतो, दुसरा कोण हसतो का उगाच."

त्या वर्षी मी शिमग्याला गावी गेलो. भाऊ माझ्या नावावर साच्यावर उभा राहिला. मी गावात नऊवारी नेसून, तोंडाला काजळी फासून, छातीत दोन करवंट्या बांधून घरोघर नाचत होतो, तर पोष्टमन तार घेऊन आला. तार म्हटल्यावर ढोल थांबला. गावच्या गुरुजींनी वाचली. भाऊ सिरियस आहे, लगेच निघा. मी तसाच निघालो. बंदरावर पोचलो तरी एका कानात बुगडी तशीच. बोटीवर एक म्हातारा बोलला, "बाई, हयसर बस." मी बसलो पण.

आमच्याकडं तारेत मेला असं कोणी लिहीत नाही. सिरियसच लिहितात. हे मला ठाऊक होतं. तरी सगळ्या वाटेनं मी स्वतःला सांगत होतो की ह्या वेळी खरंच सिरियस असेल.

मुंबईत भाऊच्या धक्क्यावर बोट लागली तर माझ्या खोलीतले दोघं उभे होते. त्यांनी माझी वळकटी हातातून घेतली तेव्हा कळलं. एरवी हे लोक माझी वळकटी उचलणारे नव्हते.

भोईवाड्याच्या मसणात नेऊन सगळं उरकलं होतं. मी तोंड पण बघितलं नाही. जे काय झालं ते मला आमच्या खानावळवाल्या मावशीनं सांगितलं. आम्ही सगळे तिच्याकडं जेवायचो. भाऊ साच्यावरच चक्कर येऊन पडला. ताप डोक्यात गेलेला. माझ्या नावावर काम करत होता, तर माझ्याच विम्याच्या कार्डावर त्याला इस्पितळात घातलं. दुसरं काय करणार? त्याचं स्वतःचं असं कार्डच नव्हतं. मावशी रोज पेज घेऊन जायची.

"नर्स हाक मारायची, तुझ्या नावानं," मावशी बोलली. "तो ओ द्यायचाच नाही. तापात त्याला कुठं आठवणार की आपण तू आहोत म्हणून! ती म्हणायची, ह्याची शुद्ध गेली. अरे, शुद्ध होती त्याला. नावच त्याचं नव्हतं."

"मग तू नाही मारलीस हाक? त्याच्या नावानं?"

"कशी मारू रे? नर्स तिथंच. कळलं असतं तर खाटेवरनं काढला असता त्याला. ती पाणी आणायला गेली तेव्हा कानाशी बोलले एकदा. डोळे उघडले त्यानं."

मावशी परत परातीकडं वळली. भाकऱ्या थापत राहिली. मी तिथंच बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या. भाऊ गेल्यावर माणसाला भूक लागते ह्याची मला लाज वाटत होती, म्हणून तिसरी मागितली नाही.

गावाला परत गेलो आईला सांगायला. आई चुलीपुढं बसलेली. सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "तू बघितलंस तेका?"

"नाय."

"मगे कोणी सांगितल्यान?"

"खानावळवाल्या मावशीनं. खोलीतल्यांनी."

"ती मावशी कोण? सरकार? सरकारचो कागद घेवन ये. मगे मी मानतलंय."

दिवस घालू देईना. भट दारातनं परत पाठवला. आईचं म्हणणं, मुंबई एवढी मोठी, तिथं माझो झील, माझं पोर, हरवलं असेल, ह्या खुळ्याला कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि हा रडत आला. खुळा म्हणजे मी. आणि खुळा मी होतोच.

मग मी कागदाच्या मागं लागलो. मरणाचा दाखला मुन्शिपाल्टीच्या कचेरीत मिळतो, आरोग्य खात्यात, एवढं कळलं. गिरणीतली पाळी चुकवून गेलो. तिथं लांब रांग होती. मी बोललो, एवढी मोठी रांग आहे म्हणजे मरणाचीच असणार. उभा राहिलो. पुढचा माणूस बाही वर करत होता, मी पण केली. वाटलं, अंगठा घेतात तर बाही वर करायला लागत असेल. टेबलापाशी पोचलो तर डॉक्टरनं दंड धरला आणि देवीची लस टोचली. मी ओरडलो, "अहो, मी मरणाच्या कागदाला आलोय!" डॉक्टर बोलला, "आता नाही मरणार. जा." दंड असा सुजला की साच्यावर हात वर होईना.

दुसऱ्यांदा गेलो तर संप. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा सभा. आमची सगळी चाळ त्यात होती आणि मी सगळ्यांच्या पुढं होतो, कारण माझा आवाज मोठा. मुंबई आमचीच म्हणून बोंबलत मी त्याच कचेरीवरनं मोर्चातनं गेलो. तिचं दार आम्हीच बंद पाडलेलं. घोषणा देता देता माझ्या डोक्यात आलं की माझा कागद आत आहे आणि मी बाहेरनं कुलूप बघून खूश होतोय. तरी घोषणा थांबवली नाही. थांबवली असती तर मागचा माझ्या अंगावर आला असता.

तिसऱ्यांदा खरी खिडकी सापडली. खिडकीत गिरगावातला एक वयस्कर कारकून. काळी टोपी, नाकावर चष्मा, शर्टावर संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला.

"मयताचं नाव?"

मी भावाचं नाव सांगितलं. त्यानं चोपडा काढला, बोटानं खाली खाली गेला. "ह्या नावाचा कोणी मेलेला नाही."

"मग दुसरं नाव बघा," मी बोललो आणि माझं सांगितलं.

"हां, हे आहे. तुझं नाव काय? अर्जदाराचं?"

"तेच."

"अरे, मयताचं नाही. तुझं."

"तेच हो साहेब."

"मयताशी नातं काय तुझं?"

मी बोललो, "तसा मी तोच आहे."

मागच्या रांगेत हशा पिकला. कारकुनानं चष्मा काढला. "दारू पिऊन आलास काय रे?"

"नाही साहेब. अजून पाळी आहे."

परत हशा. आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. सवयच वाईट. लोक हसले की मला वाटतं काम झालं. कारकुनानं मुकाट्यानं नक्कल लिहून दिली, शिक्का मारला. मी घेतली आणि घडी करून टोपीत ठेवली. वाचता येत असतं तरी काय फरक पडणार होता? सरकारी शिक्का आहे, आईला शिक्काच पाहिजे होता, असं मला वाटलं. इथं मी खरा गाढव.

कागद गावाला नेला. गुरुजींनी पडवीत बसून वाचला. नाव आलं तसं ते थांबले, माझ्याकडं बघितलं, परत वाचलं. मी आपला कोपऱ्यात पेज पीत होतो.

आई बोलली, "ह्या कागदात तू मेलंस?"

"अगो, ते तिकिटामुळं. नाव माझं, पण माणूस..."

"तू मेलंस आणि तू हयसर पेज भुरकतंस. म्हणजे कागद खोटो. कागद खोटो तर मरणय खोटां."

आणि आई हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. उठून माझ्या वाटीत आणखी पेज घातली. माझ्या आयुष्यात मी खूप लोकांना हसवलं, पण आईचं ते हसणं बघून मला पडवीतनं उठून मागं जावं लागलं, फणसाखाली.

गोष्ट तिथं थांबली असती तर एक वेळ चाललं असतं. म्हातारी वाट बघते, बघू दे. पण पुढच्या दिवाळीनंतर गावाहून पत्र आलं. आई सांगते, गुरुजी लिहितात. पलीकडच्या वाडीतली मुलगी बघून ठेवलीय. चांगली आहे, कामाला वाघ आहे. धाकट्याला शोध आणि वैशाखात पाठव. शब्द दिला आहे.

खोलीतल्या एकानं ते वाचून दाखवलं. वीसेक माणसं खोलीत, सगळी ऐकत होती. मग एक बोलला, "तू काहीतरी कर रे. ती पोर बसेल ना घरात!"

मी परत कचेरीत गेलो. कारकुनानं मला ओळखलं. "काय रे, परत मेलास?"

ह्या वेळी मी त्याला सगळं सांगितलं. तिकीट, कार्ड, नर्स, आई, ती मुलगी. रांग मागं तशीच उभी. कोणी हसलं नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि बोलला, "नाव दुरुस्त होतं. पण नुसतं तोंडानं नाही. मॅजिस्ट्रेटपुढं शपथेवर लिहून द्यावं लागेल की तू जिवंत आहेस आणि गेला तो भाऊ. दोन साक्षीदार आण, दोघांनाही ओळखणारे. आणि इस्पितळाला, गिरणीला इथून पत्र जाईल विचारायला."

"गिरणीला कशाला?"

"कार्ड गिरणीचं ना? तुझ्या नावावर दुसरा कामाला होता, हे गिरणीला कळणारच. कळतंय का मी काय सांगतोय?"

कळत होतं. एवढं गाढव मी पण नव्हतो.

जॉबरला विचारलं. तो बोलला, "वेडा झालास? सगळं खातं ह्याच पद्धतीनं चालतं. तू मेलेला, तरी तुझी हजेरी लागतेय. आणखी काय पाहिजे माणसाला?"

"भावाला मेल्याचं पण नाव मिळू नये काय?"

"मेल्यावर नाव घेऊन तो काय करणार?"

एरवी अशा वेळी मी तोंड वाकडं करून दाखवतो. त्या दिवशी ते पण जमलं नाही.

कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिंगवाला बसायचा. त्याच्याकडनं लिहून घेतलं. साक्षीला खानावळवाली मावशी आणि खोलीतला एक म्हातारा. मॅजिस्ट्रेटनं मावशीला विचारलं, हा माणूस जिवंत आहे हे तू कशावरून सांगतेस? मावशी पदर सावरत बोलली, "साहेब, मी ह्याला दोन टाइम जेवायला घालते. मेलेलं माणूस एवढं खात नाही."

मॅजिस्ट्रेट पण हसला. मग त्यानं विचारलं, "आणि मेला तो धाकटा, हे कशावरून?"

मावशीनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग बोलली, "त्याच्या नावानं हाक मारली तेव्हा त्यानं डोळे उघडले होते."

मॅजिस्ट्रेटनं कागद पुढं ओढला. सही केली.

गिरणीला पत्र गेलं आणि माझं तिकीट गेलं. टाइम ऑफिसच्या बाबूनं सांगितलं, तू लबाडी केलीस. मी बोललो, होय. मग मी गेटवर बदलीवाल्यांत उभा राहायला लागलो, भाऊ उभा राहायचा तिथंच, भिंतीला टेकून. माझ्या वयाचा तिथं कोणी नव्हता. पोरं म्हणायची, "काका, तुम्ही कुठं इकडं?" मी म्हणायचो, "वरनं परत पाठवला, तिथं पण भरती बंद आहे." हसायची. जॉबर मला आत घ्यायचा कधीमधी, आणि माझ्याकडं बघायचा नाही.

कागद काही येईना. आज चोपडा वरच्या कचेरीत गेलाय, उद्या सहीचे साहेब रजेवर. वैशाख लागला. तेवढ्यात राज्य मिळालं. मुंबई मिळाली, महाराष्ट्र झाला, गिरण्यांवर दिवे लागले, लालबागला गुलाल उधळला. मी पण नाचलो. खोटं कशाला सांगू, भरपूर नाचलो. रस्त्यात तो कारकून भेटला, टोपीवर गुलाल, एरवी कधी न हसणारा माणूस पेढा भरवायला लागला. पेढा तोंडात असतानाच मी विचारलं, "साहेब, आता माझा कागद?"

त्याचा हात खाली आला. बोलला, "सोमवारी ये. मी स्वतः बसतो."

आणि बसला. सोमवारी त्यानं चोपडा माझ्यापुढं उघडला, ओळीवर बोट ठेवलं. माझ्या नावावर लाल शाईची रेघ होती आणि वर बारीक अक्षरात दुसरं नाव. "वाचता येतं?" मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यानंच वाचलं, हळू, भावाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. राज्य मराठी झालं होतं, कागद अजून इंग्रजीच होता, पण नाव इंग्रजीत पण त्याचंच होतं. मी त्या ओळीवर अंगठा फिरवला. कारकून बोलला, "शाई ओली आहे अजून." मी हात मागं घेतला.

बोटीला गर्दी. पाऊस लागायच्या आतली शेवटची बोट, सगळा मुलूख गावाला निघालेला. कागद मी ह्या वेळी टोपीत नाही ठेवला, छातीशी ठेवला.

गुरुजी आले. पडवीतच बसले. आई त्यांच्यासमोर, गुडघे पोटाशी घेऊन. गुरुजींनी नाव वाचलं. आई बोलली, "परत वाचा." त्यांनी परत वाचलं. मग गाव, मग आजार. मग वय. वयाशी आई एकदम बोलली, "किती?"

गुरुजींनी सांगितलं.

"चुकलां," आई बोलली. "तेवढां नाय तेचां वय."

वय माझं होतं. कार्डावरचं. नाव बदललं, वय तसंच राहिलं, आणि माझ्या लक्षात आलं नाही, कारकुनाच्या आलं नाही, मॅजिस्ट्रेटच्या आलं नाही. आता आई बोलणार, कागद खोटो. आता सगळं परत पहिल्यापासून. मी कागद परत घ्यायला हात पुढं केला.

आईनं गुरुजींच्या हातातनं कागद घेतला. उलटाच धरला. बराच वेळ बघत राहिली.

"वय चुकूंदे," ती बोलली. "तो माझोच झील."

आणि मग ती रडली. मी तिच्याजवळ गेलो तर मला हातानं बाजूला केलं. पदरानं तोंड पुसलं, कागद घडी करून गुरुजींना परत दिला.

"भटाक सांगाक मागसून जा," मला बोलली. "आदी त्या पोरीच्या घरी जा."

"उद्या सकाळी जातंय, आये. आता ऊन..."

"आत्ता जा. ती वाट बघता."

गेलो. पलीकडची वाडी म्हणजे मधे व्हाळ आणि चढण. व्हाळाला पाणी नव्हतं. त्यांच्या अंगणाच्या खालच्या बाजूला विहीर, आणि विहिरीवर एक मुलगी रहाटानं पाणी काढत होती. मी तिला कधी बघितलेलं नव्हतं, तिनं मला बघितलं असणार, सोंगात. मला बघून तिनं रहाट थांबवला, पदर नीट केला. माझ्या मागं वाटेवर बघितलं. मग आणखी मागं, व्हाळापर्यंत.

"मुंबयसून एकटेच इलात?" तिनं विचारलं.

"होय," मी बोललो. "एकटोच."